डाव्या कानातला सा

माझ्या डाव्या कानाला मेनिएरचा आजार आहे, म्हणजे आतल्या कानात बिघाड होऊन चक्कर येते आणि ऐकू कमी होतं. हे नाव कागदावर लिहून मिळायला वर्ष उलटून गेलं. तोवर ॲसिडिटी, अशक्तपणा, रक्तदाब, मानेच्या मणक्याची झीज आणि पाळी जायचं वय एवढी कारणं ऐकून झाली होती. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, आणि मला वाटतं सगळ्या खान्देशात, बाईला चक्कर आली की तिने उपास केला असेल, उन्हात राबली असेल किंवा रक्त कमी असेल असंच धरतात. कानाकडे कोणी जात नाही. म्हणून जे जसं घडलं ते लिहिते आहे. ज्यांना चक्कर येते त्यांनी वाचावंच, पण ज्यांच्या घरात कोणाला येते त्यांनी आधी वाचावं.

पहिला झटका कापूस वेचणीच्या दिवसांत आला. सकाळपासून डावा कान दडपलेला होता, विहिरीत बुडी मारल्यावर पाणी भरतं तसा. आत एक जाडा, घुमणारा आवाज चालू होता. दुपारी शेतातच भोवतालचं सगळं फिरायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, शुद्ध गेली नाही. बांधावरचा निंब एका बाजूला सरकायचा, झटक्यात जागेवर यायचा, पुन्हा सरकायचा. डोळे मिटले तरी फिरणं थांबेना. उलट्या सुरू झाल्या. मान जरा हलवली की पुन्हा उलटी. मजूर बायांनी मला गोणपाटावर आडवं केलं आणि दिवस कलल्यावर बैलगाडीत घालून घरी आणलं. हे दोन-तीन तास चाललं असेल. मग गाढ झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालावं लागलं.

गावातल्या डॉक्टरांनी चक्करीचं इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावलं. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं होतं, त्यामुळे तेव्हा ते गरजेचंच होतं. पण पुढे दर झटक्याला तेच होत राहिलं. इंजेक्शन, सलाईन, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. पोटात आग पडते म्हटलं तर पाण्यात घालून प्यायची सोड्याची पूड. मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणके थोडे झिजलेले दिसले, म्हणून गळ्याला पट्टा आला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेत तेवढी झीज दिसते, हे मला नंतर कळलं. सासूबाईंचं मत वेगळंच होतं. "हाई बाहेरनं शे," असं म्हणून त्यांनी नारळ उतरवला आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल माझ्या कानात सोडलं. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन कान पिकतो. ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांनी ती आजच सोडावी.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त लागलं ते दुसरंच. झटका नसेल तेव्हा मी अगदी धडधाकट दिसायची. घरात कोणी उघड बोललं नाही, पण कामाच्या वेळी हिला बरी चक्कर येते, असा भाव नजरेत दिसायचा. ताप असला तर थर्मामीटर लावता येतो. भिंत फिरताना फक्त मला दिसत होती.

आमच्या महिला भजनी मंडळात पेटी मी वाजवते. वडिलांनी लहानपणी शिकवली, ती सुटली नाही. वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्या दिवसांत आमची भजनं रोज रात्री असतात. त्या वेळी मला पहिल्यांदा पेटी बेसुरी लागली. आम्ही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गातो. सा दाबला की दोन सा ऐकू यायचे, एक सरळ आणि एक किंचित चढा. बाकीच्या बायांना काही जाणवत नव्हतं. यात्रा संपल्यावर पेटी कारागिराकडे नेली. त्याने सगळे सूर काढून तपासले आणि पेटी चोख आहे म्हणून परत दिली. घरी आणून वाजवली तर खरंच चोख होती. आठ-दहा दिवसांनी कान पुन्हा दडपला आणि पेटी पुन्हा बिघडली. तेव्हा मी डावा कान बोटाने बंद करून सा दाबला. एकच सूर, स्वच्छ. उजवा बंद केला तर तोच सा चढलेला आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा. बिघाड पेटीत नव्हता.

थोरला मुलगा तेव्हा घरी आला होता. त्याला हे दोनदा करून सांगितलं. त्यानेच धुळ्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली. तिथे मी चक्करीचं सांगत होते तोवर डॉक्टर लिहून घेत होते. पेटीचं सांगितलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. झटका किती वेळ टिकतो, मिनिट का तास? कूस बदलल्यावर येतो का आपसूक? आधी कान भरतो का? कोणता? ऐकू कमी येतं ते पुन्हा सुधारतं का? कधी काही चाहूल न लागता एकदम खाली पडलात का? हे प्रश्न तोवर मला कोणी विचारले नव्हते.

त्यांनी दुर्बिणीने कान पाहिला. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग ५१२ हर्ट्झचा कंपनचिमटा वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज कुठे येतो ते विचारलं. मला तो उजवीकडे येत होता. नंतर चिमटा कानामागच्या हाडावर आणि कानासमोर असा आळीपाळीने धरला. दोन्ही कानांना समोरचा आवाज मोठा लागला. याचा अर्थ त्यांनी लगेच सांगितला. मळाने, पडद्याने किंवा मधल्या कानाच्या हाडांनी आवाज अडत असता तर कपाळावरचा आवाज खराब कानात मोठा आला असता. तो चांगल्या कानात गेला, म्हणजे दोष आतल्या कानात किंवा नसेत. वीज नाही, यंत्र नाही, एका लोखंडी चिमट्यावर एवढं कळतं. मला त्याचं फार नवल वाटलं. चक्करीच्या प्रत्येक माणसाला हे एवढं तरी व्हायला हवं.

मला झोपवून, मान एका बाजूला वळवून, डोकं पलंगाच्या कडेखाली झटकन नेऊनही पाहिलं. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले असतील तर या हालचालीने गरगरतं आणि डोळे एका ठरावीक तऱ्हेने उडतात. मला काही झालं नाही. तो आजार माझा नव्हता. त्यातली चक्कर कूस बदलल्यावर येते आणि मिनिटभरात जाते, माझी तासन्‌तास टिकायची.

मग ऑडिओग्राम. काचेच्या बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून बसायचं, हातात बटण. बारीकात बारीक सूर ऐकू आला तरी बटण दाबायचं. तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताई काचेपलीकडून आवाज कमी-जास्त करत होत्या. नंतर कानामागे हाडावर एक छोटा कंपक बसवला आणि दुसऱ्या कानात खरखर सोडली, म्हणजे चांगला कान मधे बोलू नये. आलेखात आडवीकडे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत सुरांची उंची असते, आणि उभीकडे वरून खाली डेसिबल. खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. २५ डेसिबलपर्यंत सामान्य धरतात.

चिमट्याला फरक कळला तरी माझा आलेख २५ च्या आत, म्हणजे सामान्य आला. मला रडूच फुटलं. पुन्हा सगळे म्हणणार, काही नाही हिला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, आज तुमचा कान चांगला आहे म्हणून आलेख चांगला आला. मला कान दडपलेला असतानाचा आलेख हवा. झटका येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी या, वेळ घ्यायची गरज नाही." या आजाराचं निदान बरंचसं यावरच अडतं, आणि मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. ऐकू येणं सुरुवातीच्या वर्षांत खाली जातं आणि परत वर येतं. गावाकडून माणूस दवाखान्यात पोहोचतो तो बरं वाटल्यावर, गाडीत बसता येईल तेव्हा. तेव्हा कागदावर काही उमटत नाही. कान बंद असतानाच तपासणी झाली पाहिजे. तोवर एक वही घालायला सांगितली. तारीख, झटका किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, आधी कोणता कान भरला, आवाज कसला, आदल्या दिवशी काय खाल्लं, झोप किती. मी त्यात आणखी एक रकाना वाढवला, डाव्या कानातला सा.

पोळ्यानंतर मोठा झटका आला. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या पुतण्याने त्याच्या गाडीतून मला धुळ्याला नेलं. मागच्या सीटवर आडवी पडून, पिशवी हातात धरून गेले. या वेळी निळ्या फुल्या खाली उतरल्या होत्या. २५० हर्ट्झला ५५ डेसिबल, ५०० ला ५०, १००० ला ४०, आणि २००० ला एकदम वर २०. हाडावरच्या कंपकानेही तसंच आलं, म्हणजे आतलाच कान. ताईंनी मराठी शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावले, तेही डाव्या कानाने अर्धेअधिक चुकले. मी त्यांना आमच्या काळी चारचं विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही गातो तो सा २०८ हर्ट्झच्या आसपास आहे, त्याच्या वरच्या सप्तकातला त्याच्या दुप्पट. माझं अख्खं भजन जिथे गायलं जातं तोच पट्टा डाव्या कानात खचला होता.

मधल्या कानाच्या दाबाची तपासणी ठीक आली. थायरॉइड, साखर पाहिली. ऐकण्याच्या नसेवर गाठ असली तरी एका कानाचं ऐकू कमी होतं आणि तोल जातो, म्हणून शिरेतून औषध देऊन एमआरआय काढला. गाठ नव्हती. कानाच्या चक्करीत हा एमआरआय कशासाठी असतो ते लोकांना कोणी समजावत नाही, आणि ती माणसं मेंदूत काही आहे म्हणून रात्ररात्र जागतात. गाठ नाही याची खात्री करायला तो काढतात.

तोलाची तपासणी नाशिकला झाली. दोन दिवस आधीपासून चक्करीच्या सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, कारण त्या चालू असल्या तर कानाचा प्रतिसाद दबतो आणि तपासणी फुकट जाते. पोटही हलकं ठेवायचं. डोकं थोडं उंच करून झोपवलं आणि डोळ्यांवर काळा गॉगल चढवला, त्यात डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा असतो. मग एका कानात पाणी सोडलं. एकदा ४४ अंशांचं, एकदा ३० अंशांचं, मधे विश्रांती. शरीराचं तापमान ३७, म्हणजे एकदा सात अंश जास्त आणि एकदा सात अंश कमी. तेवढ्या फरकाने आतल्या आडव्या नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं की डोकं फिरतंय.

उजव्या कानात कोमट पाणी गेलं आणि काही क्षणांत सगळं फिरू लागलं. तेच फिरणं, तेच सरकणं, तोच परत येणारा झटका. शेतात, चुलीपाशी, न्हाणीत जे होत होतं ते इथे पलंगावर, दोन मिनिटांपुरतं, माणसाने मुद्दाम घडवलं होतं. आमचे हे बाजूच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोर पडद्यावर माझे दोन डोळे मोठे दिसत होते. सावकाश एका बाजूला जायचे आणि झटक्यात परत यायचे, पुन्हा जायचे. मी तोंडाने काहीच बोलले नव्हते. त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, "हे ती मुद्दाम करू शकते का?" तो म्हणाला, "नाही, हे कोणालाच मुद्दाम करता येत नाही." डाव्या कानाला तेवढंच पाणी सोडल्यावर डोळे जेमतेम हलले. डावी बाजू अशक्त झाली होती, आणि ती किती, ते टक्क्यांत कागदावर आलं.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग बसस्टँडवर म्हणाले, "वेचणीच्या दिवशी तुझे डोळे असेच होते, आम्हाला वाटलं तू डोळे फिरवतेस." घरी गेल्यावर सासूबाईंना त्यांनीच समजावलं. त्या दिवसानंतर मला कामाच्या वेळी चक्कर येते असं कोणी मनातही आणलं नाही. औषधाचा गुण यायला पुढे महिने लागले. ही गोष्ट मात्र एका दुपारीत बदलली, आणि माझ्यासाठी ती औषधाहून कमी नव्हती.

कानातल्या पाण्यावरून डोळे हलतात याचा अभ्यास रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी केला आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १८६१ मध्ये, पॅरिसला प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की अशी चक्कर आतल्या कानातून येऊ शकते. तेव्हाचे डॉक्टर तिला मेंदूत रक्त साचण्याचा झटका समजत. आतल्या कानात पातळ पापुद्र्याच्या नळ्या असतात, त्यांत एक द्रव असतो. या आजारात तो द्रव प्रमाणाबाहेर साचून नळ्या फुगतात. हे मृत रुग्णांच्या कानाची हाडं तपासून लंडनमध्ये आणि जपानमध्ये १९३८ साली स्वतंत्रपणे दिसून आलं. शंखाच्या आकाराच्या भागात ऐकणं आणि त्याला लागून असलेल्या नळ्यांत तोल, दोन्ही एकाच द्रवावर चालतात. म्हणून ऐकू येणं आणि तोल एकदम बिघडतात. द्रव का साचतो याचं पक्कं उत्तर अजून नाही. आपसूक येणारे निदान दोन झटके, प्रत्येक २० मिनिटं ते १२ तासांचा, जाड सुरांचं ऐकणं कमी झाल्याचा निदान एक ऑडिओग्राम, त्याच कानात कमी-जास्त होणारा आवाज किंवा दडपण, आणि दुसरं कारण नसणं. एवढं जुळलं की निदान पक्कं धरतात. माझं जुळलं.

उपचारात पहिलं आलं मीठ. दिवसाला सोडियम दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे मीठ चार ते पाच ग्रॅम, सपाट एक छोटा चमचा. तेही दिवसभरात सारखं विभागून. एके दिवशी आळणी आणि दुसऱ्या दिवशी लग्नात खारट, असं चालत नाही. ज्यांनी खान्देशातलं जेवण जेवलं आहे त्यांना हे केवढं कठीण ते कळेल. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचे उडदाचे पापड, कुरडया, बिबडे होतात. पापडात मीठ तर असतंच, शिवाय पापडखार, आणि पापडखारही सोडियमच. भज्यांतला, बट्टीतला सोडा तोच. शेवभाजी, लोणचं, खुडा, भरताबरोबर तळलेली मिरची मिठात घोळून. उपासाला सैंधव चालतं असं मी धरून होते, पण सैंधवातही सोडियम जवळजवळ साध्या मिठाएवढंच. ॲसिडिटीची म्हणून पीत होते ती पूडही सोडियमची, आणि नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ. डॉक्टरांनी वहीतला खाण्याचा रकाना पाहून हे एकेक दाखवलं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

पहिले पंधरवडे जेवण घशाखाली उतरायचं नाही. सगळ्यांचा स्वयंपाक माझ्याच हातचा, त्यामुळे चव बघायला म्हणून जीभ लावायची आणि आपलं वेगळं काढायचं. हळूहळू वाट सापडली. कळण्याच्या भाकरीच्या पिठात मीठ घालणं बंद केलं, कोणाला कळलंसुद्धा नाही. भरीत आमचं मुळातच भाजलेल्या वांग्याच्या आणि मिरचीच्या चवीवर उभं असतं, त्यात लिंबू आणि कांद्याची पात वाढवली की मीठ अर्ध्यावर भागतं. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण वाढवला. सुनेने त्या वर्षी बिबड्यांचा एक घाणा माझ्यापुरता आळणी केला, तीळ आणि लसूण जास्त घालून. आता घरातली पोरंही तेच मागतात. चहा मात्र मला फार जड गेला. तो दोन वेळा, अर्धा कप, एवढ्यावर आणला.

गोळ्यांत बेटाहिस्टिन चालू झालं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या गोळीचा पुरावा कच्चा आहे. जर्मनीतली एक मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात बेटाहिस्टिन आणि औषध नसलेली गोळी यांत झटक्यांच्या संख्येत फरक दिसला नव्हता. तरी धोका कमी म्हणून ती देऊन बघतात. मला इतकं मोकळं बोलणारा डॉक्टर हवाच होता. झटक्याच्या दिवसासाठी वेगळी गोळी, पण ती एक-दोन दिवसच घ्यायची. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू नव्या तोलाची सवय करून घेत नाही. आमच्याकडे याच गोळ्या किराण्यासारख्या भरून ठेवलेल्या असतात, मी स्वतः कितीतरी घरांत पाहिल्या आहेत.

मिठाने झटके विरळ झाले, थांबले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जोर धरला, तेव्हा कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. ऐकून पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात पडदा बधिर केला, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने औषध पडद्यापलीकडे सोडलं, आणि अर्धा तास कुशीवर पडून राहायला सांगितलं. त्या वेळात गिळायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. थोडी गरगर झाली, ती ओसरली. आठवड्याच्या अंतराने हे पुन्हा झालं. त्याला गुण आला. दुसरा मार्ग जेंटामायसिनचा होता. ते औषध तोलाच्या पेशीच मारून टाकतं, त्यामुळे चक्करीवर जोरकस, पण उरलेलं ऐकणंही जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी दोन्ही समजावलं आणि विचारलं, तुम्हाला काय महत्त्वाचं? मी म्हटलं, पेटी. त्यांनी जेंटामायसिन बाजूला ठेवलं.

तोलाचे व्यायाम रोज करते. अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. मग एका रेषेत पावलं टाकत चालायचं, सुरुवातीला भिंतीलगत, आता बांधावर. कान भरलेला असेल त्या दिवशी स्कूटी नाही, घराच्या धाब्यावर चढणं नाही, एकटीने विहिरीवर जाणं नाही.

ऐकणं मात्र पूर्ण परत आलं नाही. जाड सुरांत डावा कान ४० डेसिबलवर येऊन थांबला. शंखातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. त्यात आणखी एक त्रास असतो. बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही. स्टीलची परात पडली की कानात कळ जाते. लग्नातल्या डीजेपाशी मी उभी राहूच शकत नाही. ऐकण्याचं यंत्र लावायचं तर त्याला या दोन टोकांमधला अरुंद पट्टा सांभाळावा लागतो. आधी आठवडाभर वापरून पाहायला दिलं. बोलणं चांगलं ऐकू येऊ लागलं, ओसरीवर बसलेल्या तिघी-चौघींतलं डावीकडचं बोलणं कळू लागलं. पण पेटी वाजवली की सूर थरथरायचा, मधेच तुटायचा.

मी पेटीच दवाखान्यात नेली. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी पाहिलं आणि कारण त्यांना लगेच कळलं. यंत्राची शिट्टी थांबवणारी जी सोय असते, ती लांबलेल्या एकसारख्या सुराला शिट्टी समजून कापत होती. गोंगाट कमी करणारी सोयही पेटीला गोंगाट धरत होती. त्यांनी संगणकाला जोडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम केला, त्यात त्या दोन्ही सोयी जवळपास बंद. मी सा धरून ठेवायची, त्या बदल करायच्या, मी मान हलवायची. बाहेरची माणसं दारात येऊन ऐकत उभी होती. कान दडपलेल्या दिवसांसाठी आवाज वाढवलेला तिसरा प्रोग्रॅमही दिला. वाजवणाऱ्या किंवा गाणाऱ्या माणसाने यंत्र घेताना आपलं वाद्य सोबत न्यावं. दुकानात नुसतं "ऐकू येतं का" म्हणून घेतलेलं यंत्र पुढे फडताळात पडतं, आमच्या गावात अशी कितीतरी पडली आहेत.

एका प्रश्नावर अजून माझी झोप उडते. काही जणांत हा आजार पुढे दुसऱ्या कानातही येतो. डॉक्टरांनी लपवलं नाही. उजव्या कानाचाही ऑडिओग्राम दर वेळी निघतो, आजवर तो स्वच्छ आहे. वहीत आता उजव्या कानातल्या सा चाही रकाना आहे.

मधे माझ्या धाकट्या जावेला चक्कर सुरू झाली. "मनं डोकं गरगर फिरस वं," म्हणत ती आली तेव्हा मी तिला तेच विचारलं जे मला विचारलं होतं. किती वेळ? अर्धं मिनिट. कधी? उजव्या कुशीवर वळलं की. कान दडपतो? नाही. ऐकू कमी? नाही. तिला सलाईन लावू दिलं नाही, धुळ्याला नेलं. तिच्या कानात कण सरकलेले होते. डॉक्टरांनी तिला झोपवून डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवलं, पाच-सात मिनिटांत बसवलं, आणि ती बसने माझ्यासोबत घरी आली ती चक्कर तिथेच ठेवून. एकही गोळी लागली नाही. माझ्या आणि तिच्या आजारात एवढं अंतर, आणि गावात दोघींनाही औषध एकच मिळालं असतं.

दिवाळीनंतर माझी पुढची तपासणी आहे. मधल्या काळात एक छोटा झटका आला होता, तासाभराचा. तो वहीत आहे. त्या दिवशी सा चढला नव्हता, तेही लिहिलं आहे. याचा अर्थ काय, ते डॉक्टरांना विचारायचं आहे.